मेंदूभोवतीचा बांध आणि प्रतिकारशमक औषधे



मांडवी व जुवारी या नद्यांच्या काठची खाजन शेते आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहेत. भरतीचे खारे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून आपल्या पूर्वजांनी तेथे चिखलमातीचे व दगडांचे बांध घातले आणि त्या बांधांत ठिकठिकाणी मानशी बसविल्या. भरती आली की पाण्याच्याच दाबाने मानशीचे लाकडी दार मिटते; ओहोटी लागली की तेच दार उघडते आणि शेतात साचलेले जादा पाणी नदीत निघून जाते. असा बांध म्हणजे नुसती भिंत नव्हे. काय आत येऊ द्यावयाचे, काय अडवावयाचे आणि आत आलेले काय परत बाहेर घालवावयाचे, या तिन्ही गोष्टींची त्यात योजना असते.

आपल्या मेंदूभोवती निसर्गाने असाच एक बांध घातलेला आहे. शास्त्रज्ञ त्यास ‘रक्त-मस्तिष्क अवरोध’ असे म्हणतात. मी भाषा व इतिहास शिकविणारा शिक्षक आहे. वैद्यक हा माझा प्रांत नव्हे. परंतु मूत्रपिंड किंवा यकृत बदललेली माणसे आज आपल्या गावांतून आणि नात्यागोत्यांतून आढळू लागली आहेत. त्यांना जन्मभर जी औषधे घ्यावी लागतात, त्यांचा या बांधाशी निकटचा संबंध येतो. रुग्णाचा हात कापू लागला, तर ते प्रथम दिसते ते घरातील माणसांना. यास्तव हा विषय केवळ डॉक्टरांचा नसून आपल्या सर्वांचा आहे.

पहारेकरी आणि पाहुणा

आपल्या रक्तात व ऊतकांत अहोरात्र पहारा देणाऱ्या पेशी असतात. आपले कोण व परके कोण हे ओळखणे हे त्यांचे काम. त्यांतील ‘टी-पेशी’ नावाच्या पेशी विशेष महत्त्वाच्या आहेत. रोगजंतूंनी घुसखोरी केली की त्या इतरांना हाक देतात आणि हल्ला चढवितात. या शक्तीमुळेच आपण जगतो. परंतु हे पहारेकरी कर्तव्यकठोर आहेत. उपकार करण्यासाठी आलेला पाहुणाही त्यांना परकाच वाटतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये पीटर मेडावार या प्राणिशास्त्रज्ञाने भाजलेल्या रुग्णांवरील त्वचारोपणाचा अभ्यास केला. दुसऱ्या माणसाची त्वचा लावली असता ती काही दिवसांत गळून पडे. त्याच माणसाची त्वचा पुन्हा लावली, तर ती अधिकच लवकर गळे. म्हणजे शरीराने परक्याला ओळखले होते. इतकेच नव्हे, तर ती ओळख लक्षातही ठेवली होती. या क्षेत्रातील संशोधनाबद्दल मेडावार व मॅकफार्लेन बर्नेट यांना १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

२३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बॉस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी एका भावाचे मूत्रपिंड दुसऱ्या भावाच्या शरीरात यशस्वी रीतीने बसविले. ते दोघे एकरूप जुळे होते, म्हणून पहारेकऱ्यांना पाहुणा परका वाटला नाही. परंतु प्रत्येकाला जुळा भाऊ कोठून असणार? तेव्हा पहारेकऱ्यांना थोडे शांत करणारी औषधे शोधणे भाग पडले. हीच प्रतिकारशमक औषधे होत. जॉर्ज हिचिंग्ज व गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेतून अझाथायोप्रीन हे औषध आले आणि त्याच्या आधारे १९६२ मध्ये डॉ. मरे यांनी नाते नसलेल्या मृत दात्याचे मूत्रपिंड रोपण करून दाखविले.

तरीही वाट बिकट होती. औषध कमी पडले तर अवयव नाकारला जाई. अधिक झाले तर रुग्ण साध्या जंतुसंसर्गाने दगावे. डिसेंबर १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डॉ. ख्रिस्तिआन बर्नार्ड यांनी मानवी हृदयाचे पहिले रोपण केले. तो रुग्ण अठरा दिवसांनी न्यूमोनियाने मरण पावला. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनीही हृदयरोपणाचे धाडस केले. त्यांचा रुग्ण काही तासच जगला. भारतात मूत्रपिंडाचे रोपण यशस्वी झाले ते १९७१ साली वेल्लोर येथे.

मातीतून आलेली औषधे

यानंतरची मोठी औषधे मातीतून आली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९६९ साली स्वित्झर्लंडमधील सँडोझ या औषधकंपनीचा एक कर्मचारी सुटीसाठी नॉर्वेला गेला असता हार्डांगरविडा या ओसाड पठारावरील माती घेऊन आला. तीत सापडलेल्या एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन मिळाले. बाझल येथील प्रयोगशाळेत १९७२ मध्ये त्याचा प्रतिकारशमक गुण ध्यानात आला. १९७८ मध्ये केंब्रिजला डॉ. रॉय कॅल्न यांनी ते मूत्रपिंडरोपणाच्या रुग्णांना दिले. आणि १९८३ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली.

त्याच्याच पुढचे पाऊल म्हणजे टॅक्रोलिमस. जपानमधील त्सुकुबा पर्वताच्या परिसरातील मातीत आढळलेल्या सूक्ष्मजीवापासून १९८४ मध्ये ते वेगळे करण्यात आले आणि १९८९ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्ग येथे डॉ. थॉमस स्टार्झल यांनी ते प्रथम रुग्णांना दिले. तिसरे औषध सिरोलिमस. पॅसिफिक महासागरातील ईस्टर बेटाच्या मातीतून ते निघाले, आणि त्याच्या शोधामागे सुरेंद्रनाथ सेहगल या मूळच्या भारतीय शास्त्रज्ञाचे परिश्रम होते. ईस्टर बेटाचे स्थानिक नाव ‘रापा नुई’. त्यावरूनच या औषधाचे दुसरे नाव ‘रापामायसिन’ पडले.

या औषधांमुळे असंख्य लोकांना नवे आयुष्य लाभले आहे. परंतु सायक्लोस्पोरिन व टॅक्रोलिमस वापरात आल्यावर डॉक्टरांना काही चमत्कारिक लक्षणे दिसू लागली. नवे मूत्रपिंड किंवा यकृत उत्तम चालत असतानाही एखाद्या रुग्णाचा हात कापे, एखाद्यास झोप येईना, एखाद्यास झटके येत, एखाद्यास अकस्मात दिसेनासे होई. मेंदूशी या औषधांचा काय संबंध? हे समजण्यासाठी आपणांस प्रथम मेंदूच्या बांधाकडे वळले पाहिजे.

बांधाचा शोध

१८८५ साली जर्मनीत पॉल एर्लिख या तरुण डॉक्टराने प्राण्यांच्या रक्तात रंग टोचून पाहिले. शरीरातील जवळजवळ सारे अवयव रंगले. मेंदू व पाठीचा कणारज्जू मात्र कोरे राहिले. एर्लिख यांनी अनुमान काढले की मेंदूच्या ऊतकास या रंगाची ओढच नसावी. अनुमान तर्कशुद्ध वाटत होते. परंतु १९१३ मध्ये त्यांचेच शिष्य एड्विन गोल्डमन यांनी प्रयोग उलटा केला. त्यांनी निळा रंग रक्तात न टोचता मेंदूभोवतीच्या द्रवात टोचला. आता मेंदू निळा झाला आणि उरलेले शरीर कोरे राहिले! म्हणजे मेंदूला रंग वर्ज्य नव्हता; रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये काहीतरी आडवे उभे होते. गुरूच्या अनुमानास शिष्याने दुसऱ्या बाजूने प्रयोग करून दुरुस्त केले, यात गुरूचा कमीपणा नाही. शास्त्राची वाटचाल अशीच होत असते.

हा विषय पुढे नेणाऱ्यांत लीना स्टर्न या विदुषीचे नाव आदराने घेतले पाहिजे. जिनीव्हा विद्यापीठातील त्या पहिल्या महिला प्राध्यापक. त्यांनी १९२१ मध्ये या अवरोधास शास्त्रीय संज्ञा दिली व त्याच्या कार्याचा अभ्यास केला. तथापि तो अवरोध नेमका कोठे आहे, हे डोळ्यांनी दिसले ते १९६७ मध्ये, जेव्हा रीझ व कार्नोव्हस्की या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली उंदराच्या मेंदूतील केशवाहिन्या पाहिल्या.

बांधाची रचना

केशवाहिनी म्हणजे केसाहूनही बारीक रक्तनलिका. एका माणसाच्या मेंदूतील सर्व केशवाहिन्या एकापुढे एक जोडल्या, तर त्यांची लांबी सुमारे सहाशे किलोमीटर भरते. म्हणजे मुंबईहून पणजीपर्यंतच्या रस्त्याइतकी. हा सारा बांध इतक्या लांबीचा आहे.

शरीराच्या इतर भागांत केशवाहिनीच्या भिंतीतील पेशींमध्ये बारीक फटी असतात व त्यांतून पुष्कळ पदार्थ बाहेर झिरपतात. मेंदूतील केशवाहिन्यांत मात्र या पेशी परस्परांशी घट्ट सांध्यांनी जोडलेल्या असतात. बाहेरून पेरिसाइट नावाच्या पेशी त्यांना कवटाळून असतात आणि त्यांवर ताऱ्याच्या आकाराच्या तारकापेशी आपली पावले टेकून उभ्या असतात. मेंदूत जावयाचे ते फटीतून नव्हे, तर पेशीच्या अंगातूनच जावे लागते.

मग मेंदूला अन्न कसे मिळते? शरीराच्या वजनाच्या अवघा पन्नासावा भाग असलेला मेंदू शरीराच्या एकंदर ऊर्जेपैकी सुमारे पंचमांश ऊर्जा खर्च करतो. त्यासाठी या बांधात ठरावीक दारे आहेत. ग्लुकोज साखरेस स्वतंत्र दार आहे, अमिनो आम्लांस स्वतंत्र दार आहे. कंपवाताच्या रुग्णांना मेंदूत डोपामीन कमी पडते. परंतु डोपामीन दिले तर ते बांधापाशीच अडते. म्हणून डॉक्टर लेव्होडोपा देतात. ते अमिनो आम्लांच्या दाराने आत जाते आणि आत गेल्यावर त्याचे डोपामीन होते.

प्राणवायू, मद्य यांसारखे लहान व स्निग्ध पदार्थांत सहज मिसळणारे रेणू पेशीच्या स्निग्ध आवरणातून थेट पार होतात. येथेच धोका संभवतो. कारण स्निग्धात विरघळणारी विषेही याच वाटेने शिरू शकतील. यावर निसर्गाने आपल्या मानशीसारखी योजना केली आहे. केशवाहिनीच्या पेशींच्या रक्ताकडील बाजूस ‘पी-ग्लायकोप्रोटीन’ नावाचे असंख्य सूक्ष्म पंप असतात. आत घुसू पाहणाऱ्या परक्या रेणूंना ते पकडतात आणि पुन्हा रक्तात फेकून देतात. मानशीचे दार पाण्याच्या दाबाने चालते. हा पंप चालविण्यास पेशीला स्वतःची ऊर्जा खर्च करावी लागते, एवढाच फरक.

या पंपाचे महत्त्व एका प्रयोगशाळेत अकल्पितपणे सिद्ध झाले. अॅमस्टरडॅम येथे संशोधकांनी हा पंप जन्मतःच नसलेले उंदीर वाढविले होते. त्यांच्या अंगावरील किडींचा नाश व्हावा म्हणून आयव्हरमेक्टिन हे नेहमीचे औषध फवारले असता साधे उंदीर सुखरूप राहिले, परंतु पंप नसलेले उंदीर मरू लागले. तपासाअंती त्यांच्या मेंदूत त्या औषधाचे प्रमाण साध्या उंदरांच्या सुमारे ८७ पट भरले. ही हकिकत १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी दिसून आले की असल्या उंदरांच्या मेंदूत सायक्लोस्पोरिनही अधिक साठते. म्हणजे आपल्या विषयातील औषधास मेंदूबाहेर ठेवणारी मानशी हीच होय.

औषध मेंदूला का बाधते?

आता प्रश्नाच्या गाभ्याकडे येऊ. टी-पेशीने परका ओळखला की तिच्या आत कॅल्शियम वाढते. त्यामुळे ‘कॅल्सिन्यूरिन’ नावाचे एन्झाइम जागे होते आणि त्याच्या हुकमाने पेशी इतर पहारेकऱ्यांना हाक देणारी रसायने निर्माण करते. सायक्लोस्पोरिन व टॅक्रोलिमस ही दोन्ही औषधे या कॅल्सिन्यूरिनलाच अडवितात, हे १९९१ मध्ये स्पष्ट झाले. हाक दिली जात नाही, म्हणून हल्ला होत नाही व पाहुणा अवयव टिकतो.

परंतु हे एन्झाइम केवळ टी-पेशींत असते असे नव्हे. मेंदूच्या पेशींत ते विपुल आहे. किंबहुना त्याचा शोध मेंदूच्या ऊतकातच लागला आणि त्याच्या नावातील ‘न्यूरिन’ हा भाग मज्जापेशीच्या ‘न्यूरॉन’ या नावावरून आला आहे. एका मज्जापेशीने दुसरीस निरोप कसा व किती जोराने द्यावा, याच्या नियमनात त्याचा वाटा असतो. तेव्हा जे औषध पहारेकऱ्याचा हात धरते, तेच मेंदूत पोहोचले तर निरोप्याचाही हात धरते. बांध शाबूत असेपर्यंत हे सहसा घडत नाही. सायक्लोस्पोरिनचा रेणू सहज पार होणाऱ्या रेणूंच्या मानाने बराच मोठा आहे. तो स्निग्धात विरघळणारा असला तरी पंप त्यास परत फेकतो. परंतु रक्तातील प्रमाण फार वाढले, अथवा पंप दुसऱ्या एखाद्या औषधाने अडविला गेला, तर मानशी पुरी पडत नाही.

शिवाय ही औषधे बांधालाही इजा करू शकतात. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो आणि केशवाहिनीच्या भिंतीतील पेशी दुखावतात. रक्तातील मॅग्नेशियम उतरलेले असेल, तर झटक्यांचा धोका वाढतो. यकृतरोपणानंतर ज्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल फार कमी असते त्यांना सायक्लोस्पोरिन अधिक बाधते, असेही १९८७ मध्ये डॉक्टरांच्या नजरेस आले.

लहान लक्षणे व मोठी लक्षणे

सर्वांत अधिक आढळणारे लक्षण म्हणजे हाताचे बारीक कापरे. पेला उचलताना, सुईत दोरा ओवताना, सही करताना ते जाणवते. त्याखालोखाल डोकेदुखी, झोप न येणे, तळहात व तळपाय यांची आग किंवा मुंग्या, चिडखोरपणा. ही लहान लक्षणे बहुधा औषधाचे प्रमाण नेमके केल्यावर कमी होतात. भ्रम, बोलताना जीभ अडखळणे, झटके, दृष्टी जाणे, शुद्ध हरपणे ही मोठी लक्षणे होत; ती विरळ असतात, परंतु एक तासही दवडण्याजोगी नसतात. याच रुग्णांना प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड औषधेही बहुधा द्यावी लागतात. त्यांमुळे काहींची झोप उडते, काही उगाच उल्हसित होतात, तर काही खिन्न होतात. घरच्या माणसांना तो स्वभावातील बदल वाटतो. वस्तुतः तो औषधाचा परिणाम असतो.

आमच्या नात्यातील एका वयस्क गृहस्थांची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. त्यांना पत्नीने आपले मूत्रपिंड दिले होते व ते टॅक्रोलिमस घेत होते. दोन-अडीच वर्षे सर्व सुरळीत चालले. एका पावसाळ्यात त्यांची सही बदलू लागली. बँकेत चेक परत आला, तेव्हा घरच्यांनी वयाला दोष दिला. त्यांनी स्वतः मात्र गोळीला दोष दिला आणि उद्यापासून अर्धीच घ्यावयाची असे मनाशी ठरविले. सुदैवाने त्यांच्या नातीने, जी तेव्हा नववीत होती, आजोबांची महिन्यापूर्वीची सही व आजची सही शेजारी शेजारी ठेवून वडिलांना दाखविली, आणि त्याच संध्याकाळी डॉक्टरांना कळविले गेले. रक्त तपासले, तो टॅक्रोलिमसचे प्रमाण फार चढलेले! कारण निघाले साधेच. खोकल्यासाठी त्यांनी औषधाच्या दुकानातून क्लॅरिथ्रोमायसिन हे जंतुनाशक घेतले होते. ज्या एन्झाइममुळे टॅक्रोलिमस शरीरात मोडले जाते, त्यासच हे जंतुनाशक अडविते. डॉक्टरांनी जंतुनाशक बदलले, टॅक्रोलिमसची मात्रा आपल्या देखरेखीखाली बसविली, आणि थोड्या दिवसांत सही पूर्ववत झाली. त्यांनी स्वतःच्या मताने गोळी अर्धी करून तशीच चालू ठेवली असती, तर जंतुनाशकाचा परिणाम ओसरल्यावर औषध कमी पडून पत्नीने दिलेले मूत्रपिंड गमावण्याची वेळ आली असती.

बांध फुटतो तेव्हा

क्वचित प्रसंगी बांधाचा एखादा भाग गळू लागतो. रक्तातील पाणी मेंदूच्या ऊतकात झिरपते व सूज येते. ही सूज प्रामुख्याने मेंदूच्या मागील भागात येते. कारण तेथील रक्तवाहिन्यांना चढत्या रक्तदाबापासून सांभाळणारा मज्जातंतूंचा पुरवठा तुलनेने कमी असतो. आपण पाहतो ते डोळ्यांनी, परंतु दृश्याचा अर्थ लागतो तो मेंदूच्या मागील भागात. म्हणून डोळे निर्दोष असूनही रुग्णास दिसेनासे होते. सोबत तीव्र डोकेदुखी, भ्रम आणि झटके येतात.

१९९६ मध्ये अशा पंधरा रुग्णांची हकिकत एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि या विकारास स्वतंत्र ओळख मिळाली. त्या पंधरांपैकी सात रुग्ण प्रतिकारशमक औषधे घेणारे होते. उरलेल्यांत गरोदरपणातील झटक्यांच्या स्त्रिया आणि रक्तदाब अत्यंत चढलेले रुग्णही होते. कारणे वेगवेगळी, परंतु बांध गळण्याची तऱ्हा एकच. या विकाराच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे घेऊन डॉक्टर त्यास ‘प्रेस’ म्हणतात. यातील आशेचा भाग असा की वेळीच रक्तदाब उतरविला आणि औषध कमी केले अथवा बदलले, तर बहुतेकांची दृष्टी व शुद्ध परत येते. एमआरआय चित्रातील सूजही पुढे ओसरते. खाजनात खारे पाणी शिरले तरी बांध लगेच बुजविला तर शेत पुन्हा पिकते. दुर्लक्ष झाले, तर ते कायमचे नापीक होते; मेंदूचेही तसेच आहे.

पहारेकऱ्यांनाच मज्जाव

या विषयाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. काही रोगांत पहारेकरी पेशी स्वतःच बांध ओलांडून मेंदूवर हल्ला करतात. मल्टिपल स्क्लेरोसिस हा त्यांतील एक. त्यावर नॅटालिझुमॅब हे औषध निघाले. पहारेकऱ्यांना केशवाहिनीच्या भिंतीला चिकटून आत शिरण्यास जो हात लागतो, तोच ते बांधून टाकते. नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. परंतु काही महिन्यांतच आढळले की पहारेकरी आत जाऊ न शकल्याने काही रुग्णांच्या मेंदूत जे. सी. नावाचा विषाणू, जो पुष्कळ माणसांच्या शरीरात निरुपद्रवी पडून असतो, माजला आणि त्याने मेंदूचा नाश आरंभिला. फेब्रुवारी २००५ मध्ये औषध थांबविण्यात आले. २००६ मध्ये कडक देखरेखीच्या अटींवर ते पुन्हा देण्यास अनुमती मिळाली.

यावरून दोन बोध होतात. बांध पार उघडा पडणे जसे घातक, तसे पहारेकऱ्यांना तो सर्वस्वी बंद करणेही घातक. आणि प्रतिकारशमक औषध घेणाऱ्या रुग्णास तापासह डोकेदुखी झाली, तर ती औषधामुळेच आहे असे गृहीत धरता येत नाही. क्षय किंवा बुरशी यांसारखा संसर्गही मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचलेला असू शकतो. निदान डॉक्टरांनीच करावयाचे असते.

घरच्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. ही औषधे रोज ठरलेल्या वेळीच घ्यावी लागतात. टॅक्रोलिमसचे प्रमाण एका मिलिलिटर रक्तात काही नॅनोग्रॅम इतकेच राखावयाचे असते. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी घेण्यापूर्वी रक्त देतात, हेही घरच्यांनी ध्यानात ठेवावे. गोळी घेऊन गेल्यास आकडा फसवा येतो.

दुसरी गोष्ट, दुसरी औषधे. काही जंतुनाशके, बुरशीवरील काही औषधे आणि रक्तदाबावरील डिल्टियाझेम यांमुळे रक्तातील प्रमाण चढते. क्षयावरील रिफॅम्पिसिन आणि अपस्मारावरील फेनिटोइन यांमुळे ते उतरते. म्हणून रोपण झालेल्या माणसाने डॉक्टरांना विचारल्यावाचून दुकानातून कोणतेही औषध, काढा अथवा मुळी घेऊ नये.

तिसरी गोष्ट, फळे. ग्रेपफ्रूट या फळाने या औषधांचे प्रमाण वाढते, हे प्रसिद्धच आहे. त्याचाच भाऊबंद म्हणजे आपले पपनस. पपनस खाल्ल्यावर मूत्रपिंडरोपणाच्या रुग्णाच्या रक्तात टॅक्रोलिमस वाढल्याची नोंद जपानमध्ये झालेली आहे. चतुर्थीच्या माटोळीला आपण पपनस हौसेने बांधतो. ते बांधावे, डोळे भरून पाहावे, परंतु अशा रुग्णाच्या ताटात मात्र वाढू नये.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. लक्षण लपवू नये आणि गोळी सोडू नये. पुष्कळ रुग्ण कापरे सांगत नाहीत, कारण डॉक्टर औषध बंद करतील आणि अवयव जाईल अशी त्यांना भीती वाटते. काही याच्या उलट करतात व कापऱ्यास कंटाळून गुपचूप गोळी टाळतात. दोघेही चुकतात. डॉक्टरांजवळ मात्रा कमी करणे, औषधाचा प्रकार बदलणे, मॅग्नेशियम भरून काढणे, रक्तदाब उतरविणे असे अनेक उपाय असतात. सिरोलिमससारखी औषधे मज्जासंस्थेस सामान्यतः कमी बाधतात. परंतु त्यांना कळलेच नाही, तर ते काय करणार?

मित्रहो, या औषधांच्या कथेत दोन्ही बाजूंनी संयम आहे. पहारेकऱ्यांना इतकेच शांत करावयाचे की पाहुणा टिकावा. इतके नव्हे की चोर शिरावा. औषध इतकेच द्यावयाचे की अवयव राहावा. इतके नव्हे की मेंदूचा बांध हरावा. हा तोल डॉक्टर रक्ताच्या तपासणीने साधतात, पण तपासणी महिन्या-दोन महिन्यांनी होते आणि माणूस रोज आपल्या घरात वावरतो. खाजनाच्या बांधावर पूर्वी गावकरी आळीपाळीने फेरी मारीत. खेकड्याचे बीळ दिसले की तेव्हाच बुजवीत. आपल्या घरी असा कोणी रुग्ण असेल, तर त्याच्या हातातील पेल्याकडे, त्याच्या अक्षराकडे, त्याच्या झोपेकडे आणि बोलण्याकडे रोज एकदा नीट पाहावे. काही निराळे दिसले, तर तारीख घालून वहीत लिहून ठेवावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. हे काम करण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही. नववीतील मुलगीही ते करू शकते.